आधी कीर्द, मग खतावणी, मग आलेख

स्प्रेडशीट नव्याने शिकणाऱ्यांचा पहिला अडथळा जवळपास ठरलेला असतो. आकडे भरले, चार्ट टाकला आणि समोर भलतंच काही आलं. एकच खांब आभाळाला टेकलेला आणि बाकीचे जमिनीला चिकटलेले, किंवा खालच्या अक्षावर तारखांच्या जागी १, २, ३. मग तासभर चार्टवर उजवं क्लिक करत मेनू धुंडाळले जातात. दुखणं मात्र चार्टमध्ये क्वचितच असतं. ते खालच्या तक्त्यात असतं आणि कुठे पाहायचं ते माहीत असेल तर दोन मिनिटांत सापडतं.

तेव्हा नव्याने या वाटेला लागलेल्या सगळ्यांचं मनापासून स्वागत, आणि पहिली विनंती ही की चार्टच्या बटणाला अजून हात लावू नका.

आपल्याकडच्या जुन्या हिशेबाच्या वह्या आठवा. रोजकीर्दीत व्यवहार जसा झाला तसा, त्याच दिवशी, एका ओळीत लिहिला जाई. खतावणीत तेच व्यवहार खात्यांप्रमाणे उतरवले जात. ताळेबंद शेवटी. कीर्दीत कोणी मध्येच बेरीज घुसडत नसे आणि खतावणीत कोणी नवा व्यवहार लिहीत नसे. स्प्रेडशीटचं शास्त्र नेमकं हेच आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क काढलं, तेव्हापासून प्रोग्राम कितीतरी बदलले, पण आधी नोंद, मग वर्गवारी, मग निष्कर्ष हा क्रम बदललेला नाही. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी या तिन्ही गोष्टी एकाच पानावर कालवल्यामुळे येतात.

उदाहरण पावसाचं घेऊ. आकडे सोपे आहेत, सगळ्यांना कळतात आणि तक्ता किती लांब होणार ते आधीच माहीत असतं: १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवस. गच्चीवर किंवा शेतात पर्जन्यमापक असेल तर स्वतःचे आकडे घ्या. नसेल तर राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर तालुक्यांचे आकडे मिळतात.

एक खुलासा आधीच करते. इथे फंक्शनची नावं, सेलचे (तक्त्यातल्या एकेका चौकटीचे) पत्ते आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये मात्र ते सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाका. मराठी कळफलक चालू ठेवून टाकलेला देवनागरी आकडा दिसायला आकडा असतो, पण एक्सेल त्याला बहुधा मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही. शीर्षकं आणि शेरे खुशाल मराठीत लिहा, त्याने काही बिघडत नाही.

कीर्द

नवीन शीट उघडा. पहिल्या ओळीत फक्त शीर्षकं: ए१ मध्ये तारीख, बी१ मध्ये पाऊस (मिमी), सी१ मध्ये शेरा. वर गावाचं नाव, वर्ष, "पर्जन्यमान तक्ता" अशा सजावटीच्या ओळी नकोत आणि सेल मर्ज करणं (एकमेकांना जोडून एक करणं) तर अजिबात नको. मर्ज केलेल्या सेलमुळे सॉर्ट अडतं, फिल्टर अर्धवट चालतं आणि पिव्हट टेबल (नोंदी गटवार गोळा करून बेरजा देणारा तक्ता) शीर्षक कुठलं म्हणून अडून बसतं. गावाचं नाव हवंच असेल तर ते शीटच्या खालच्या टॅबवर लिहा.

ए२ मध्ये पहिली तारीख टाका, पण ०१/०६/२०२५ अशी नाही. महिन्याचं नाव घालून, १ जून २०२५ अशी, इंग्रजीत. कारण पुढे येईलच. मग सेलच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून ए१२३ पर्यंत ओढा. ए१२३ मध्ये ३० सप्टेंबर आलं पाहिजे. आलं तर १२२ तारखा बरोबर बसल्या. दुसरंच काही आलं तर पुढे जाऊ नका, सुरुवातीची तारीख तपासा.

बी कॉलममध्ये फक्त आकडा. "१२ मिमी" असं लिहिलं की तो सेल मजकूर होतो. एकक शीर्षकात लिहून झालेलं आहे, ते प्रत्येक सेलमध्ये पुन्हा नको. "शिंतोडे", "निरंक", "--" हेही बी कॉलममध्ये नको. शिंतोडे पडले आणि मापकात मोजण्याइतकं पाणी नसेल तर बी मध्ये ० आणि शेऱ्यात "शिंतोडे".

इथेच एक फरक पक्का करून घ्या, कारण पुढची निम्मी गणितं त्याच्यावर उभी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. रिकामा सेल म्हणजे मोजलंच नाही. चार दिवसांचे आकडे १०, २०, रिकामा, ३० असतील तर अ‍ॅव्हरेज फंक्शन २० उत्तर देतं, कारण ते रिकाम्याला मोजतच नाही, ६० ला ३ ने भागतं. त्याच रिकाम्या जागी ० टाकलं तर उत्तर १५. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. खरं कोणतं हे फक्त नोंद करणाऱ्याला माहीत असतं. म्हणून "रिकामं वाईट दिसतं" म्हणून शून्य भरून टाकणं ही खोटी नोंद आहे.

पावसाच्या नोंदीत आणखी एक खाच आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मोजलेला पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला कोसळलेला ९४४ मिमी पाऊस हा २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आकडा आहे, आणि या पद्धतीने तो २७ तारखेपुढे येतो. तुमचा मापक तुम्ही रात्री बारा ते बारा असा वाचत असाल आणि शेजारी खात्याचे आकडे ठेवलेत, तर दोन्ही आलेख एक दिवस सरकल्यासारखे दिसतील आणि चूक शोधूनही सापडणार नाही. कोणती पद्धत धरली ते पहिल्याच शेऱ्यात लिहून ठेवा.

महिन्याच्या शेवटी "जून एकूण" अशी ओळ मध्ये घालायची इच्छा होईल. घालू नका. ती कीर्दीतली ओळ नाही. तिच्यामुळे हंगामाची बेरीज दुप्पट होते आणि चार्टमध्ये ३० जूननंतर एक राक्षसी खांब उभा राहतो. प्रत्येक महिन्याला वेगळी शीटही करू नका. एकाच तक्त्यात ओळीखाली ओळ. पुढच्या वर्षीचे आकडे याच तक्त्याखाली जोडा. दुसरं गाव आलं तर "ठिकाण" हा एक कॉलम वाढवा. वाढ खाली झाली तर सगळं सोपं राहतं, आडवी किंवा शीटागणिक झाली की प्रत्येक सूत्र नव्याने लिहावं लागतं.

तारखांची ती खोड

स्प्रेडशीटला तारीख म्हणजे एक आकडा असतो. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० ला १ क्रमांक आहे आणि तिथून रोज एक वाढत जातो. १ मे १९६०, म्हणजे महाराष्ट्र दिन, तिथे २२०३७ असतो. कधी तारखांचा कॉलम अचानक पंचेचाळीस हजारांच्या घरातले आकडे दाखवू लागला तर घाबरू नका. माहिती शाबूत आहे, फक्त सेलचं फॉरमॅट "डेट" ऐवजी "जनरल" झालेलं आहे.

खरा घोळ वेगळा आहे. संगणकाची किंवा शीटची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल तर तो महिना आधी आणि दिवस नंतर असं वाचतो. समजा तुम्ही जुलैचे आकडे ०१/०७/२०२५, ०२/०७/२०२५ असे टाकले. ०१/०७ त्याच्या लेखी ७ जानेवारी. ०२/०७ म्हणजे ७ फेब्रुवारी. असं करत १२/०७ हे ७ डिसेंबर. तेरावा महिनाच नसल्याने १३/०७ पासून ३१/०७ पर्यंतच्या १९ ओळी त्याला तारीख वाटतच नाहीत, त्या मजकूर म्हणून पडून राहतात. परिणाम असा की जुलैचे पहिले १२ दिवस वर्षभर विखुरले आणि उरलेले १९ गणतीतूनच गेले. त्यात फक्त ०७/०७ ही एक तारीख योगायोगाने बरोबर. ही चूक एरर दाखवत नाही, म्हणून ती इतकी त्रासदायक आहे.

ओळखायची खूण सोपी: सेलला मुद्दाम काही अलाइनमेंट दिलेली नसेल तर आकडे आणि तारखा उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे दिसल्या की समजावं. याच कारणासाठी भरताना कॉलम मधोमध आणू नका. सुंदर दिसतं, पण खूण पुसली जाते.

उपायात एक सावधगिरी हवी. उलट्या झालेल्या तारखा जागच्या जागी दुरुस्त करायला जाऊ नका, कारण कोणत्या उलटल्या आणि कोणत्या मुळात बरोबर हे एक्सेलला आता सांगता येत नाही. मूळ मजकूर पुन्हा आणा. कॉलमचं फॉरमॅट आधी "टेक्स्ट" करा, मग तारखा पेस्ट करा, मग डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स घ्या, तिसऱ्या पायरीवर "डेट" निवडून शेजारी डीएमवाय (दिवस, महिना, वर्ष) निवडा. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) असेल तर ती डबल-क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतल्या फ्रॉम टेक्स्टने आणा, म्हणजे कोणता कॉलम कोणत्या पद्धतीचा ते सांगायला जागा मिळते. गूगल शीट्समध्ये फाइल, सेटिंग्ज, लोकॅल इथे भारत निवडा, आणि हे आकडे भरण्याआधी करा. लिब्रेऑफिस कॅल्क पेस्ट करतानाच खिडकी उघडून कॉलमचा प्रकार विचारतं. त्या खिडकीला घाईने ओके म्हणू नका.

तारखेसारखं दिसणारं सगळंच तारीख होतं, हेही लक्षात असू द्या. सेलमध्ये ७/१२ टाकून पाहा: भारतीय मांडणीत सातबारा नाही, ७ डिसेंबर मिळतो. गट नंबर, घर नंबर, पोटहिस्सा असे तिरपी रेघ असलेले आकडे टाकण्याआधी कॉलम "टेक्स्ट" करून घ्या. ही खोड इतकी जुनी आणि पक्की आहे की माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही नावंच बदलली. सेप्ट१ आणि मार्च१ ही जनुकं एक्सेलमध्ये गेली की १ सप्टेंबर आणि १ मार्च होत. ती आता सेप्टिन१ आणि मार्चएफ१ झाली आहेत.

आकडे आकडेच आहेत ना?

बी२ ते बी१२३ निवडा आणि खाली स्टेटस बारकडे पाहा. तिथे सम, अ‍ॅव्हरेज आणि काउंट तिन्ही दिसले तर आकडे आहेत. फक्त काउंट दिसला तर सगळा कॉलम मजकूर आहे. काही आकडे, काही मजकूर असेल तर दोन सूत्रं लावा: =काउंट(बी२:बी१२३) फक्त आकडे मोजतं, =काउंटए(बी२:बी१२३) रिकामे सोडून सगळं मोजतं. दोघांत जेवढा फरक, तेवढे सेल बिघडलेले.

संकेतस्थळावरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या आकड्यांमागे बऱ्याचदा एक न दिसणारी मोकळी जागा चिकटून येते. ती साधी स्पेस नसते, तिचा क्रमांक १६० असतो, म्हणून ट्रिम फंक्शन तिला काढत नाही. तिथे =सबस्टिट्यूट(बी२,कॅर(१६०),"")*१ असं शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये लिहा. शेवटी एकने गुणणं महत्त्वाचं आहे. त्याशिवाय उत्तर पुन्हा मजकूरच राहतं. मग तो कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून "व्हॅल्यूज" म्हणून बी मध्ये टाका. फक्त रिकामे सेल आधी बाजूला ठेवा, नाहीतर त्यांच्या जागी एरर येईल.

आणि =मॅक्स(बी२:बी१२३) एकदा पाहाच. ९४.४ टाकताना दशांशचिन्ह राहिलं तर ९४४ होतं. सांताक्रूझला तो आकडा खरा होता, तुमच्या तक्त्यात खरा आहे का ते तुम्हीच ठरवायचं.

खतावणी

आता सूत्रं. डी१ मध्ये "एकूण" हे शीर्षक आणि डी२ मध्ये:

=इफ(बी२="",एनए(),सम($बी$२:बी२))

हे डी१२३ पर्यंत ओढा. डॉलरची चिन्हं म्हणजे खुंटी. $बी$२ खुंटीला बांधलेलं, ते ओढताना हलत नाही. नुसतं बी२ मोकळं, ते ओढताना बी३, बी४ असं सरकतं. त्यामुळे डी५० मध्ये बी२ पासून बी५० पर्यंतची बेरीज येते, म्हणजेच त्या दिवसापर्यंतचा हंगामातला पाऊस. सूत्र लिहिताना बी२ वर कर्सर ठेवून एफ४ दाबलं की डॉलर आपोआप येतात, पुन्हा दाबलं की बदलत जातात. एनए ("उत्तर उपलब्ध नाही" अशी खूण) कशासाठी? अजून न आलेल्या तारखांना ते नसेल तर बेरीज तीच राहते आणि आलेखात सप्टेंबरअखेरपर्यंत सपाट रेघ जाते, जणू पाऊस थांबला. एनए असलं की रेघ आजच्या तारखेला थांबते. कॉलममध्ये त्या एररची रांग दिसेल, ती मुद्दाम ठेवलेली आहे.

पावसाळी दिवस मोजायचे तर हवामान खात्याची रेघ २.५ मिमी आहे. एवढा किंवा जास्त पाऊस पडला तर तो दिवस पावसाळी.

=काउंटइफ(बी२:बी१२३,">=२.५")

अट अवतरणचिन्हांत हवी आणि ती सरळ अवतरणचिन्हं हवीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून सूत्र कॉपी केलं की वळणदार अवतरणचिन्हं येतात आणि सूत्र चालत नाही. ती खोडून कळफलकावरून पुन्हा टाका.

पुढे वर्गवारी. इथे व्हीलूकअप (यादीत शोधून त्याच्या शेजारचं उत्तर आणणारं फंक्शन) शिकायला फार चांगली संधी आहे, कारण त्याच्या चौथ्या जागेचा अर्थ इथे लख्ख कळतो. एफ कॉलम रिकामा सोडा, म्हणजे दोन तक्ते एकमेकांना चिकटणार नाहीत. जी२ ते जी८ मध्ये वरून खाली ०, ०.१, २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५. शेजारी एच२ ते एच८ मध्ये पाऊस नाही, अत्यल्प, हलका, मध्यम, मुसळधार, अति मुसळधार, अत्यंत मुसळधार. या हवामान खात्याच्या वर्गवारीतल्या खालच्या मर्यादा आहेत. महसूल खातं अतिवृष्टी म्हणतं ते २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पावसाला, म्हणजे साधारण मुसळधारच्या उंबरठ्यापासून. दोन्ही शब्द एकाच तक्त्यात मिसळू नका. आता ई१ मध्ये "वर्ग" हे शीर्षक आणि ई२ मध्ये:

=इफ(बी२="","",व्हीलूकअप(बी२,$जी$२:$एच$८,२,ट्रू))

चौथ्या जागी ट्रू म्हणजे "तंतोतंत नसेल तर त्याच्या लगेच खालचा घे". ७० मिमी यादीत नाही, तेव्हा ६४.५ ची ओळ घेतली जाते आणि उत्तर मुसळधार. यासाठी जी कॉलम चढत्या क्रमाने असलाच पाहिजे. गावाचं नाव, रोल नंबर, मालाचा कोड असं काही शोधायचं असेल तिथे मात्र फॉल्स हवं. चौथी जागा मोकळी सोडली तर एक्सेल ट्रू धरतं आणि नावांच्या यादीत बिनदिक्कत चुकीची ओळ आणून देतं. व्हीलूकअपला लोक दोष देतात तो बहुतेक वेळा या एका शब्दाचा असतो.

डॉलर विसरलात तर काय होईल तेही पाहून ठेवा. दुसऱ्या ओळीत सगळं ठीक. तिसऱ्या ओळीत शोधायचा तक्ता जी३ पासून सुरू होतो, म्हणजे त्यातलं शून्य निसटलं. त्या दिवशी पाऊस नसेल तर एन/ए एरर. सूत्र वर बरोबर आणि खाली चूक असेल तर आधी खुंट्या पाहा. सुरुवातीचं इफ का, तर रिकामा सेल व्हीलूकअपला शून्य वाटतो आणि न मोजलेल्या दिवसापुढे "पाऊस नाही" असं छापून येतं. पुन्हा तोच शून्य आणि रिकाम्याचा फरक.

महिन्यांच्या बेरजांसाठी पिव्हट टेबल. तक्त्यात कुठेही क्लिक करून इन्सर्ट, पिव्हट टेबल, नवीन शीट. तारीख "रोज", म्हणजे ओळींच्या, चौकटीत ओढा, पाऊस "व्हॅल्यूज"मध्ये. एक्सेल २०१६ पासून तारखा आपोआप महिन्यांत गोळा होतात. न झाल्या तर तारखेवर उजवं क्लिक करून "ग्रुप" घ्या. "कॅनॉट ग्रुप दॅट सिलेक्शन" असा निरोप आला तर कुठेतरी एक तरी तारीख मजकूर आहे. पावसाच्या बेरजेऐवजी "काउंट" येत असेल तर बी कॉलममध्ये मजकूर किंवा रिकामे सेल आहेत. व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जमधून "सम" निवडा, पण त्याआधी कारण शोधा. पिव्हट हा एक्सेलच्या बहुतेक आवृत्त्यांत आपणहून ताजा होत नाही. कीर्दीत आकडा बदलला की पिव्हटवर उजवं क्लिक करून "रिफ्रेश" करावं लागतं. जुना पिव्हट छापून बैठकीत नेणं फार सहज घडतं.

आलेख

इथवर नीट आलात तर चार्ट पाच मिनिटांचं काम आहे. ए१ ते बी१२३ निवडा, इन्सर्ट, कॉलम चार्ट, क्लस्टर्ड कॉलम. तारखा खऱ्या असल्याने खालचा अक्ष आपोआप तारखांचा होतो. १२२ खांब आणि त्यांच्यात मोठाल्या फटी असल्याने चार्ट सुरुवातीला फणीच्या दातांसारखा दिसेल. खांबावर डबल-क्लिक करा. गॅप विड्थ २१९ टक्के असते, ती २० करा. खालच्या अक्षावर डबल-क्लिक करून मेजर युनिट १ महिना करा. एकच मालिका आहे, तेव्हा बाजूचं लेजंड (कोणता रंग कशाचा ते सांगणारी चौकट) खोडून टाका. शीर्षकात ठिकाण, वर्ष आणि मिमी हे तिन्ही आले पाहिजेत. खांबांचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, कारण खांबात डोळा उंची मोजतो. रेघेच्या चार्टला ही सक्ती नाही.

रोजच्या पावसाला खांब, चढत जाणाऱ्या एकूण पावसाला रेघ. दोन्ही एकाच चार्टवर, डावीकडे एक अक्ष आणि उजवीकडे दुसरा, अशी मांडणी कॉम्बो चार्टमधून करता येते. मी ती टाळायला सांगेन. दोन अक्षांची मापं बदलली की रेघ खांबांच्या वर जाते किंवा खाली येते, आणि वाचणारा त्या छेदांना अर्थ चिकटवतो, जो तिथे नसतो. दोन चार्ट करा, सारख्या रुंदीचे, एकाखाली एक, तारखांचा अक्ष जुळवून. जागा जास्त लागते, पण फसगत होत नाही.

तक्त्यात ९४४ सारखा खरा पण एकटा आकडा असेल तर अक्ष हजारावर जातो आणि १०-२० मिमीचे दिवस दिसेनासे होतात. तो आकडा खोडायचा नाही. लॉग अक्षही (ज्यावर दर टप्पा दसपट वाढतो) नको, त्यावर शून्य दाखवता येत नाही आणि पावसात शून्यं भरपूर असतात. एक चार्ट पूर्ण उंचीचा ठेवा. दुसऱ्यात कमाल २०० ठेवून त्या खांबावर ९४४ हा आकडा लिहा आणि शीर्षकात "अक्ष २०० ला थांबवला आहे" असं स्पष्ट सांगा.

वर्षांची तुलना करायची तर एक प्रसिद्ध सापळा वाटेत आहे. पहिल्या कॉलममध्ये वर्ष, २०१९, २०२०, २०२१, आणि दुसऱ्यात हंगामाचा पाऊस असा छोटा तक्ता करून रेघेचा चार्ट टाकला की दोन रेघा येतात: एक पावसाची आणि एक दोन हजारांच्या घरात सरळ जाणारी. ती वर्षांची आहे. वर्ष हाही आकडाच असल्याने एक्सेलने ते मोजमाप समजलं. युक्ती अशी: चार्ट टाकताना वरचा डावा कोपरा, म्हणजे "वर्ष" हे शीर्षक, रिकामा ठेवा. मग पहिला कॉलम खालच्या अक्षावर जातो. चार्ट होऊन गेला असेल तर "सिलेक्ट डेटा"मधून ती मालिका काढा आणि हॉरिझाँटल अक्षाच्या "एडिट"मध्ये वर्षांचे सेल द्या. गूगल शीट्समध्ये यासाठी "यूज कॉलम ए अ‍ॅज लेबल्स" ही खूण आहे, कॅल्कमध्ये "फर्स्ट कॉलम अ‍ॅज लेबल".

चार महिन्यांच्या वाट्याला पाय चार्ट करावासा वाटतो. जुलै आणि ऑगस्टच्या फोडी जवळपास सारख्या असतील तर मोठी कोणती ते डोळ्याला कळत नाही, आणि थ्रीडी केला तर पुढची फोड उगाच मोठी दिसते. चार खांब काढा.

सरावासाठी सगळा हंगाम लागत नाही. जूनच्या ३० ओळी भरा. त्यात मुद्दाम तीन खोडी करा: एका आकड्यापुढे "मिमी" लिहा, एक सेल रिकामा सोडा, एक तारीख मजकूर म्हणून टाका. मग काउंट २८ देतं आणि काउंटए २९, ते का ते कागदावर लिहा आणि पिव्हट कुठे अडतो ते पाहा. तिन्ही खोडी हातांनी दुरुस्त झाल्या की जुलैच्या ३१ ओळी खाली जोडा.